पोर्तुगीज का आले आणि आमचं आडनाव

८ सप्टें., सोम.
रियाच्या शाळेत नववीच्या प्रदर्शनाला विषय दिलाय : युरोपियन लोक समुद्रापार का निघाले. सोबत छोटं नाटक. आमच्या कन्येला पोर्तुगीज कप्तान केलंय. निवड वगैरे काही नाही. इतिहासाच्या मॅडम भर वर्गात म्हणाल्या, "परेरा है ना, इसके लिए तो नेचुरल है." वर्ग हसला. हिने घरी येऊन दप्तर फेकलं, जेवली नाही.
आम्ही वसईचे, नोकरीपायी इथे राजधानीत. सात पिढ्या केळी नि पानवेली लावत आलो. मला साधं पोहता येत नाही. कप्तान म्हणे!

१० सप्टें., बुध.
नाटकाचे कागद वाचले. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, मसाल्याचा रस्ता बंद झाला, म्हणून बिचारे समुद्रात उतरले. बिचारे! ते झालं १४५३ला. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतलं स्यूटा घेतलं १४१५ला. दार बंद व्हायच्या अडतीस वर्षं आधीच हे घराबाहेर? शाळेत मीही हेच पाठ करून मार्क मिळवले होते, त्याचा आणखी राग.
आणि रस्ता पुरता बंद झालाच नव्हता. व्हेनिसवाले मिरी नेतच होते, वाटेत दहा दलाल. यांना दलाल नको होते, अख्खी मिरी हवी होती. एवढासा देश, पाठीशी स्पेन, पुढे पाणी. सरदारांच्या धाकट्या पोरांना जमीन नाही. राजाला धर्माचं पुण्यही हवं आणि नफाही हवा. अरब, गुजराती आधीपासून ये-जा करत होतेच ना? व्यापारच करायचा होता तर इतक्या तोफा कशाला?
माझी बायको लीना म्हणाली, "ऑफिसात नोट लिहितोस तसा सुटलायस. पोर तिकडे रडतेय, ते बघ आधी."

१२ सप्टें., शुक्र.
आज कळलं का रडतेय ते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण, वाढदिवसाला घरी केक खाऊन गेलेली, म्हणाली, "तुम लोग तो चावल की बोरी पर बिके थे." रियाने मला हिंदीतच सांगितलं, जसंच्या तसं. म्हणजे आम्ही तांदळाच्या पोत्यासाठी ख्रिस्ती झालो म्हणे.
तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी शाळेत जाणार. लीना नको म्हणतेय. जाणार.

१५ सप्टें., सोम.
अर्धी रजा टाकली. सेक्शनमधले सक्सेनाजी : "गोवा जा रहे हैं क्या?" एकाच खोलीत अकरा वर्षं बसतोय या माणसाबरोबर. वसई, वसई, वसई!
मॅडम शांत. चहा मागवला. "सर, बच्चे हैं, बोल देते हैं." मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, "वैसे आप लोग कन्वर्ट क्यों हुए थे?"
आणि मी काय बोललो! "मैडम, हम बिके नहीं थे. हमें ज़बरदस्ती बनाया गया था."
मॅडमचा चेहरा एकदम मऊ. अच्छा, अच्छा, म्हणाल्या. मला बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं खरं.
वळलो तर रिया दारात उभी.

१६ सप्टें., मंगळ.
बोर्डाच्या नोंदणीचा फॉर्म आलाय. नववीत जे नाव जातं तेच दहावीच्या सर्टिफिकेटवर, पुढे जन्मभर. बदल करायचा तर आत्ताच, पालकाच्या सहीने. शुक्रवार शेवटचा.
रिया : "डॅडी, मला सरनेम नको. फक्त रिया. इथे चालतं."
मी ओरडलो. बापाचं नाव टाकतेस? तिचा आवाज माझ्यापेक्षा शांत. "तूच बोललास ना मॅडमला, ज़बरदस्ती दिलं. मग मी का ठेवू यार?"
स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. काय सांगू तिला? जबरदस्ती काही ठिकाणी झालीच. आमच्या घरी काय झालं, कोणी लिहून ठेवलेलं नाही. मॅडमच्या तोंडावर एवढं तरी म्हणायचं होतं, 'माहीत नाही'. ते नाही सुचलं. विकलेले नाहीतर लाचार, दोनातलं एक निवडायला लावलं आणि मीही मुकाट्याने निवडलं.

१७ सप्टें., बुध.
ऑफिसात लक्ष नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या कोपर्निकस मार्गावर दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी रियाच्या प्रदर्शनाच्या तक्त्यावर पोर्तुगीजांच्या येण्याची कारणं रंगीत खडूंनी : सोनं, धर्म, कीर्ती. सहा मार्कांचा प्रश्न. आम्ही ख्रिस्ती का राहिलो, याला एक ओळ नाही. घरी लीनावर उगाच चिडलो.

१८ सप्टें., गुरु.
रियाने माझंच इतिहासाचं पुस्तक पुढ्यात आपटलं. "१७३९ला वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज गेले. बरोबर?"
बरोबर.
"मग तेव्हा कोण ज़बरदस्ती करत होतं? तेव्हा का नाही सोडलं नाव? चर्च का नाही सोडलं?"
लीनाने भाजीचा गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे आपलं आहे म्हणून. याला काय कारण लागतं?" त्याला लागत नाही. तो वसईत आहे.

१९ सप्टें., शुक्र.
सकाळी साडेसहा. रियासमोर बसलो. सांगितलं, शाळेत मी घाबरून बोललो. आपले लोक ख्रिस्ती का झाले, मला माहीत नाही. का राहिले, तेही नक्की माहीत नाही. पण पोर्तुगीज गेल्यावर पावणेतीनशे वर्षं हे नाव त्यांनी नाही, आपण वापरलं. माझ्या वडिलांचं म्हणून मला ते हवं होतं. तुला हवंच, असं नाही.
अजून राग आहे. मॅडमचा, त्या पोरीचा, तोफा घेऊन आलेल्यांचा, सगळ्यात जास्त माझा.
फॉर्मवर सही केली. नावाचा रकाना तिच्यासाठी कोरा ठेवला. तिने कागद हातात घेतला. खाली बसचा हॉर्न.
"तुझं पेन दे," म्हणाली आणि ते घेऊन जिना उतरून गेली.