भावाच्या नावाने दिलेलं रक्त

धामापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९८५

गंगाराम भावोजी यांस,

सुगंधावहिनीचे अनेक आशीर्वाद. धाकट्या दिराला असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, मनातून आलेलं नाही. इकडे भात कापून झालं. तांबडी व्याली, पाडी झाली. तुमचं तळेऱ्याचं दुकान बरं चालत असेलच.

तुमच्या भावाची तब्येत बरी आहे, असं लिहिलं होतं. खोडलं.

मुंबईला ह्यांच्या फुप्फुसाचा खराब तुकडा काढला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दर आठवड्याला रक्त तपासा. आत सूज धरली तर ताप चढायच्या आधी रक्त बोंबलतं, पांढऱ्या पेशी आणि ईएसआर वाढत जातात. ह्यांना मालवणला न्यायचं काम तुम्ही हौसेने अंगावर घेतलंत. रिपोर्ट असे छान यायचे, की आपल्या डॉक्टरांनी औषध कमी केलं. आणि हे तर सुकत चाललेले. मला वाटायचं, माझीच नजर वाईट.

मागच्या खेपेला तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच ह्यांना घेऊन गेले. नाव ऐकून लॅबवाला म्हणतो, "गुरुदास ह्ये? तो तर बरो धट्टोकट्टो गृहस्थ येता!" मी ह्यांच्याकडे वळून बघितलं. हे मान खाली घालून म्हणाले, "माका भायर बाकड्यार बसवन गंगोच माझ्या नावान रगात देय. गप रव, ताका काय बोलू नको."

मी कशी गप्प राहणार? पुढे तुम्ही घरी आलात तेव्हा विचारलं, तर वर तोंड करून म्हणालात, "वैनी, दादाच्या आंगात रगात उरला खंय? माझा बक्कळ आसा. एकाच आवशीची झिलां आमी, रगात काय येगळा आसतला?"

अहो, आई एक म्हणून पोट एक होतं का? तुम्ही जेवलात तर ह्यांची भूक भागते? एवढी अक्कल नव्हती? आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून तळेऱ्याला पळालात.

तुम्ही हे मायेने केलंत, तेच मला जास्त झोंबतं. दावा साधला असतात, तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

ह्यांचं खरं रक्त तपासलं. आकडे बघून डॉक्टर खुर्चीतून उठले. छातीत पू झालाय, मुंबईला नेऊन पुन्हा उघडायला हवं, उशीर केलात तर माणूस हाताला लागायचा नाही, असं तोंडावर सांगितलं.

आणि हे जागचे हलत नाहीत. "गंगो येयसर मी जावचंय नाय. माझ्यामुळे तो तोंड लपवन बसलो हा." मी भांडले, रडले, पाया पडले. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.

पोस्टात उशीर होईल, म्हणून पत्र कंडक्टरच्या हाती देते आहे. मिळेल त्या गाडीने या. चहा मिळेल, माझ्याकडून शब्द मिळणार नाही. ह्यांना मुंबईच्या गाडीत बसवा आणि सोबत जा. हे परत आले, तर पुढचं बघू. नाही आले, तर तेराव्यालासुद्धा माझ्या दारात उभे राहू नका.

ह्यांच्या श्वासापुरती तुमची वहिनी,
सुगंधा