गाडीत घेतलेले देव

बीटी, नेवाडा
८ जून २००२

ती. सुनेत्राताईस एकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू आणि दाजी गाडीनं इकडे येणार हे लाँड्रीच्या मशीनवर बसून दोनदा वाचलं. मोटेलचे मालक शेठ म्हणाले, लॉटरी लागली का रे. मी म्हटलं, बहीण येतेय. पार्सिपनीपासून इथपर्यंत म्हणजे अख्खा देशच झाला की. दाजींना विमान परवडत नाही का, असं विचार, पण मी विचारलं म्हणून सांगू नको.

माझं बरं चाललंय. बोटीवरचं काम सोडून पळालो तेव्हापासून हे चौथं गाव, पण इथं टिकेन असं वाटतं. हसू नको, मागच्या गावाहूनही हेच लिहिलं होतं. मोटेलच्या खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, बंद पडलेले एसी बघायचे. माझ्याकडे कागद नाहीत हे शेठना ठाऊक आहे, ते विचारत नाहीत. डाळ तेवढी गोड असते. येताना शेंगदाण्याची चटणी आण.

आता आठवी नापासाचं एक ऐक. जुलैत इथल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात गाडी बंद पडली आणि जवळ पाणी नसलं तर माणूस संध्याकाळ बघत नाही. डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला जायचं नाही, असं दाजींना सांग. ते इंजिनियर आहेत हे इथल्या उन्हाला ठाऊक नाही.

देवापाशी दिवा कोण लावणार, असं आई फोनवर विचारत होती. शेजारच्या राधिकावहिनींकडे किल्ली देशीलच.

कोपऱ्यातली थंड खोली तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. माझ्यावरची माया उन्हात आटू देऊ नको.

तुझा,
एकू


उरे, कोलोरॅडो
२४ जून २००२

चि. एकनाथ यास अनेक आशीर्वाद.

पार्सिपनी सोडून आठवडा झाला. हे गाव चहूबाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं आहे, वाटीच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. काल तुझे दाजी घाटात गाडी कड्याच्या इतकी कडेनं चालवत होते की मी डोळे मिटून घेतले. मी ओरडल्यावर ते हसले. म्हणाले, इथून खाली गेलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, किती शांत. मी म्हटलं, तुमची शांतता तुम्हालाच लखलाभ.

हल्ली ते फार हसतात. रात्री मात्र झोपत नाहीत, खुर्चीत बसून नकाशा बघत राहतात. डेथ व्हॅलीतल्या एका कच्च्या रस्त्यावर लाल पेनानं गोल केला आहे, खाली रेसट्रॅक असं छापलंय. तिथं म्हणे दगड आपोआप सरकतात. तुझा निरोप सांगितला, तर म्हणाले, एकनाथला काय कळतंय.

एक गंमत सांगते, पण आईला कळवू नको. निघताना मी गाडीत बसल्यावर हे गॅस बघून येतो म्हणून वर गेले आणि एक पिशवी घेऊन आले. परवा त्यात पोळपाट असेल म्हणून शोधायला गेले, तर माझ्या टॉवेलात गुंडाळलेले आपले देव. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे. राधिकाला मी रोज दिवा लावायला किल्ली देऊन आलेय. यांना विचारलं, तर म्हणाले, देवांनाही अमेरिका बघू दे. मी हसले, पण तेव्हापासून रोज रात्री उठून ती पिशवी चाचपून बघते.

यांनी मोबाइल घरीच ठेवला, ऑफिसचे फोन नकोत म्हणून. मी तुला फोन करते म्हटलं तर म्हणतात, पत्रंच लिही, मजा येते. तेव्हा तू मोआबच्या पोस्टात आमच्या नावानं जनरल डिलिव्हरी असं लिहून पाठव, ते लोक धरून ठेवतात. पुढच्या आठवड्यात तिथं पोचू.

जेवणाची हेळसांड करू नको. चटणी दोन डबे आणली आहे. आहेस तस्सा राहा, आणि या बहिणीला धरून राहा.

तुझी,
ताई


बीटी, नेवाडा
२९ जून २००२

ती. ताईस सा. न.

पत्र एकटी असताना वाच. संडासात जाऊन वाच, पण एकटीनं.

तुझं पत्र वाचून मला काही सुधरेना. सहलीला जाताना देव शेजारी ठेवतात. घर कायमचं सोडतात तेव्हाच देव हलवतात. हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर रात्री उठून पिशवी चाचपतेस. मी राधिकावहिनींना फोन लावला. त्या दिवा लावायला गेल्या तर तुझी किल्ली कुलपाला लागली नाही. आतून वेगळीच बाई आली. दाजींनी जागा सोडलीय ताई. गॅस बघायला वर गेले तेव्हा किल्ल्या देऊन आले. तुझं सामान त्यांनी आधीच बिल्डिंगच्या माणसाला देऊन टाकलं होतं, तुम्ही निघाल्यावर त्यानं ते उचललं.

वहिनींचे मिस्टर आणखी एक म्हणाले. दाजींच्या ऑफिसनं मार्चमध्ये माणसं काढली, त्यात दाजी होते. नोकरीबरोबर व्हिसाही गेला. मग रोज सकाळी डबा घेऊन ते कुठं जात होते, देव जाणे.

नोकरी जाते, त्यात काय. माझ्या किती गेल्या. दाजी मला वाईट माणूस वाटत नाहीत. पहिल्या थंडीत स्वतःचा कोट त्यांनीच पाठवला होता, तो अजून टिकलाय. पण मोटेलमध्ये राहून मी एक बघितलंय. ज्याला पुढं कुठं पोचायचं असतं तो वैतागलेला असतो. ज्याला कुठंच पोचायचं नसतं तो असा हसतो.

तू त्या गोलातल्या रस्त्याला जाऊ नको. पोट दुखतंय म्हण, काहीही म्हण, आणि पोस्टातल्या बाईच्या फोनवरून मला फोन कर. मी बसनं येतो.

रागावलीस तरी चालेल, पण मला परकं करू नको.

एकू


मोआब, युटा
३ जुलै २००२

चि. एकनाथ यास अ. आ.

तुझं पत्र मिळालं. आडनाव सांगितल्यावर पोस्टातल्या बाईंनी मलाच दिलं. सुनेत्राला दाखवलेलं नाही. ती आत्ता समोर फोटो काढते आहे, खूश आहे. तिला खूश ठेवायचं एवढंच माझं काम उरलं आहे आणि ते मी नीट करणार आहे.

अक्षर सुधारलंस. राधिकाच्या घरी फोन करायची गरज नव्हती.

आम्ही रविवारी संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे येऊ. येण्याआधी तिला सरकणारे दगड दाखवायचे आहेत. उशीर झाला तर वाट बघत बसू नकोस आणि कुठे फोनही करू नकोस. तुझ्याकडे कागद नाहीत. पोलीस आधी तुझंच नाव विचारतील.

कोट अजून टिकला आहे, हे वाचून बरं वाटलं. कळावे, स्नेह होता तसा राहो.

अनीश


कोठडी, लास व्हेगास
१४ जुलै २००२

ती. ताईस सा. न.

काल शेठ भेटायला आले होते. तुमच्यासाठी धरलेल्या कोपऱ्यातल्या खोलीतच तुम्ही दोघं आहात, असं कळलं. तू त्यांच्याबरोबर निरोप दिलास की, एकनाथनं उगाच गोंधळ घातला, डेथ व्हॅलीच्या पार्कातल्या पोलिसांसमोर यांची मान खाली गेली. माझं पत्र तुला वाचायला मिळालंच नाही, तर तू दुसरं काय म्हणणार. म्हणून सगळं पुन्हा लिहितो. मोआबला पाठवलेलं पत्र दाजींनी लपवलं, त्यात लिहिलं होतं की त्यांची नोकरी मार्चमध्येच गेली आणि तुमची पार्सिपनीची जागा त्यांनी सोडलीय. शेठ उद्या पुन्हा येणार आहेत, हे पत्र त्यांच्या हातून पाठवतोय, तुझ्याच हातात द्या असं सांगून.

दाजींचं पत्र शनिवारी मिळालं. मी ते बराच वेळ घेऊन बसलो. फोन केला तर मी आत जाणार हे दाजींनी बरोबर लिहिलं होतं. मग पार्कातल्या पोलिसांना केला. त्यांनी पहिलं माझंच नाव विचारलं. मी खरं सांगितलं.

पार्कातल्या ज्या रेंजरला तुम्ही रविवारी दुपारी सापडलात तो इथं जबाब घ्यायला आला होता. त्यानं दुभाष्याला सांगून मला समजावलं. गाडीच्या मागे पाण्याचे मोठे कॅन होते, सगळे रिकामे. बुचं नीट काढून एका रांगेत ठेवलेली. गाडीची किल्ली कुणालाच सापडली नाही. दाजी दगडावर बसले होते, पाय हलवत. तू सावलीत निजली होतीस आणि उठवल्यावर तुला बोलता येत नव्हतं.

तू म्हणतेस कॅन गळले आणि किल्ली वाळूत पडली. दाजींनी तसं सांगितलं असेल. पोलिसांनाही तसंच सांगितलं, त्यांना काही सिद्ध करता येईना, म्हणून ते बाहेर आहेत. मला लवकरच मुंबईच्या विमानात बसवणार आहेत. त्याचं काही नाही. आईला भेटेन.

पण शेठ म्हणाले, मंगळवारी गाडीची दुसरी किल्ली येतेय. दाजींनी नवे कॅन घेतलेत, नकाशा पुन्हा टेबलावर पसरलाय. समुद्र दाखवतो म्हणालेत आणि तू हो म्हणालीस.

ताई, त्यांना डॉक्टरकडे ने, रडव, मार, काय वाटेल ते कर. शेठच्या बायकोच्या खोलीत झोप. राधिकावहिनी तिकीट काढून द्यायला तयार आहेत. फक्त त्या गाडीत बसू नको. आता फोन करायला मी बाहेर नाही.

तुझा,
एकू