जुन्या डिस्कचं काय?

१४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा हल्ली कमी कुरकुरतो. उरलेली कसर ती स्वतः भरून काढते.

आता वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे तुला मध्येच "पण ताई" म्हणायला जागा राहणार नाही. आपल्या कंपनीची प्रणाली एका खऱ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवते आणि प्रत्येकाला एकेक आभासी डिस्क देते. ही डिस्क पहिल्यापासून एकच सांगत आली: माझा ब्लॉक, म्हणजे एका वेळी वाचायचा-लिहायचा कप्पा, पाचशे बारा बाइटांचा. नव्या खऱ्या डिस्क मात्र चार हजार शहाण्णव बाइटांचा ब्लॉक वापरतात. त्यामुळे लहानसा मजकूर लिहायचा तरी मोठा ब्लॉक वाचा, त्यातला तुकडा बदला, पुन्हा सगळा लिहा. ग्राहक संथपणाने वैतागले आहेत. म्हणून आभासी डिस्कला स्वतःच्या ब्लॉकचा आकार सांगता यावा, अशी सोय मी केली. जी डिस्क काहीच सांगणार नाही, तिचा आकार खालची खरी डिस्क पाहून आपोआप ठरावा, असेही केले. तुझ्या मंजुरीवाचून कोणताही बदल प्रणालीत जात नाही. तू तो परत पाठवलास, सर्वांदेखत, तीन शब्दांच्या शेऱ्यासह: "जुन्या डिस्कचं काय?"

ब्लॉक म्हणजे काय हे तुला कोणी शिकवले, ते इथे लिहीत नाही.

त्या रविवारी जेवताना तू भाजीकडे पाहत होतास आणि मी तुझ्याकडे. आई म्हणाली, "तुमच्या डिस्का ऑफिसात ठेवा. माझ्या टेबलावर ताटं पुरेत." तू हसलासही नाहीस.

पुढे चाचणीवालीने एक चालू आभासी संगणक, बंद न करता, जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवला. त्याची डिस्क जुनी, म्हणजे आकाराबाबत मुकी. माझ्या व्यवस्थेने तिचा ब्लॉक परस्पर मोठा ठरवला; आतली प्रणाली मात्र लहान ब्लॉकच्याच हिशेबाने पत्ते मागत राहिली. वाचायचे एक आणि हाती येई भलतेच. चाचणीवाली म्हणाली, "मॅडम, हे ग्राहकाकडे झालं असतं तर?" मी तिला तिच्या अहवालातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

मग बदल नव्याने लिहिला. मुकी डिस्क पाचशे बाराचीच, कायम. मोठा ब्लॉक हवा असेल तर डिस्क तयार करतानाच मागायचा. एकदा ठरला की ठरला. ज्या जुन्या यंत्राला ही भाषा कळत नाही, तिथे मोठ्या ब्लॉकचा संगणक हलवायचा प्रयत्न झाला तर स्पष्ट नकार मिळतो. जुने काहीही मोडत नाही. तुझा शेरा अपुरा होता. चुकीचा नव्हता.

हा दुसरा मसुदा तुझ्याकडे तसाच पडून आहे. मंजुरी नाही, नकार नाही, शेरासुद्धा नाही. इतरांची कामे तू त्याच दिवशी तपासतोस, हे मला दिसते. विचारायला तुझ्या खोलीपाशी आले, तर फोन कानाला लावलास. तो वाजला नव्हता.

काल जिन्यात तुझी बायको भेटली. तुझी बदली मंजूर झाल्याचे मला तिच्याकडून कळावे, ही पद्धत नव्हे. मी कारण विचारले. ती म्हणाली, "ताई, तुमचं काम तपासायचं म्हटलं की त्याचं पोट दुखतं. बरोबर असला तरी त्याला वाटतं, आपण चुकलो." मी म्हटले, "बरोबर असेल तर दुखायचं काय?" त्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला कधी सांगितलंत, की तो बरोबर आहे?"

मी म्हटले, बरोबर असणे हे त्याचे कामच आहे. ती जिना उतरून गेली. माझे वाक्य निर्दोष आहे. मी ते काल संध्याकाळपासून तपासते आहे.

मसुदा दुसऱ्या कोणाकडे सोपवू नकोस. बाकीचे माझे नाव पाहून मंजूर करतील आणि मला ते नको. तुझ्याइतके बारकाईने इथे कोणी वाचत नाही. हे मी पूर्वी कुठे म्हटले असेल, तर दाखव.

दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. एक, मसुद्यात काय खटकते. दोन, बदली तुला हवी आहे, की मी नकोशी झाले आहे. दोन्ही उत्तरे कारणांसह, लेखी, तुझ्या हस्ताक्षरात. बायकोकरवी निरोप चालणार नाही. "बघतो" हे उत्तर मी धरणार नाही.

तू तपासल्यावाचून अपुरी,
ताई