डझनावरचं केळं

होळी, वसई
दि. ३ ऑगस्ट

चि. हेमालीस अनेक आशीर्वाद.

उत्तर पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल आजोबावर रागावू नकोस. आईने परीक्षेपर्यंत मोबाइल कपाटात ठेवला, त्यामुळे सगळी भिस्त कॅथरिनबाईंवर. त्या तुमच्या आचोळ्याला भाजी विकायला जातात, तेव्हाच आपली पत्रं नेतात-आणतात, पण दोन दिवस तापाने पडून होत्या.

तुझ्या गृहपाठाची उत्तरं अशी: वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी घेतला. कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडतात ती बहुधा मुळाशी पाणी तुंबून; आपल्या वाडीत तरी तसंच होतं. फळवाल्याने दहा डझन केळी विकली, म्हणजे एकशे तीस गेली. तीनदा मोजलं. तरी धाकधूक आहे, मी शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही. चूक झाली तर तुझी आई क्लास लावणार आणि मग या म्हाताऱ्याला कोण विचारणार?

तुझा आजोबा,
बाबू

आचोळे
दि. ६ ऑगस्ट

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

इतिहास, विज्ञान बरोबर. गणित चुकलं! बाईंनी विचारलं, जास्तीची दहा केळी कुठून आली? मी सांगितलं, आमची आजी बाजारात प्रत्येक डझनावर एक केळं वर देते. सगळा वर्ग हसला, बाईसुद्धा. पण मार्क नाही दिला.

आई म्हणते, सोमवारपासून क्लास. मी खूप रडले, तेव्हा म्हणाली, आजोबांना आणखी एकच गणित विचार, बरोबर आलं तर क्लास नाही. दूधवाल्याकडे पंधरा लिटर दूध आहे. अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या भरतील? आजीला विचारू नका हं.

तुमची लाडकी,
हेमाली

होळी, वसई
दि. ७ ऑगस्ट

चि. हेमालीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पुस्तकातला फळवाला इतका चिकट असेल असं वाटलं नव्हतं. आजी तर म्हणाली, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा जाणारच नाही.

दुधाचं उत्तर तीस पिशव्या. आजी खिडकीतून ओरडत होती की दूधवाला पाणी घालणार, पिशव्या जास्त भरतील. मी ऐकलं नाही. तीसच लिही.

सोबत डझनभर वेलची केळी पाठवतो. आजीने बांधली आहेत, म्हणजे तेरा असणार. बारा तुझी. वरचं एक आईला दे, ते तिने खाल्लं की मगच गणित दाखव. काय म्हणाली ते कॅथरिनबाईंबरोबर उलट टपाली कळव, वाट बघतोय.

तुझा आजोबा,
बाबू