तिसऱ्यांदा विचारलं की 'हो'

मंगळवार, ९ एप्रिल

नवी वही. आजपासून रोज लिहायचं, मोजकं लिहायचं आणि खरं लिहायचं. वाचणार मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहून फायदा नाही.

मोठी बातमी. नुआला मॅरिनन दुकानात आली होती. खिळे घ्यायला आले म्हणाली. तिच्या समुद्राकाठच्या कड्यावरच्या सहलीला मागचा माणूस हवाय. पुढे ती चालते, मध्ये पर्यटक, सगळ्यात मागे तो. इतकी वर्षं टोमास होता, त्याचा गुडघा गेला. मागे माणूस नसेल तर विमा कंपनीवाले सहल काढू देत नाहीत. पहिली सहल वीस तारखेला, शनिवारी. माणूस मिळाला नाही तर नवऱ्यामागे सहा वर्षं एकटीने ओढलेलं काम बंद. मग ती मुलीकडे कॉर्कला जाणार. कायमची.

तिने विचारलं, तू येशील का. मी म्हटलं, छे छे, मला कुठलं जमतंय. तिने पुन्हा विचारलं. म्हटलं, मिळेल की तुला दुसरं कुणी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, बरं बाई, एवढं म्हणतेस तर. रीत ती रीत. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'कशाला उगाच', तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. आईने आम्हाला चालायच्या आधी हे शिकवलं.

जाताना म्हणाली, कडा तर तुला पाठच असेल. म्हटलं, डोळे मिटून चालेन.

एक बारीक नोंद: कड्याच्या कडेपर्यंत मी अजून गेलेलो नाही. सत्तावन्न वर्षांत वेळच मिळाला नाही.

बुधवार, १० एप्रिल

अट्रॅक्टाताईला सांगितलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहते दुकानाच्या वर, बोलते दुकानात. म्हणाली, तुला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घाम फुटतो. तिला समजावलं की ती भीती नाही, कानाचा दोष आहे. डॉक्टरने सांगितलंय. डॉक्टर वारले, त्यामुळे आता विचारता येणार नाही.

प्रॅक्टिसचा प्लॅन: आज खुर्ची, उद्या टेबल, शुक्रवारी शिडी, रविवारी चर्चचा मनोरा. दहा दिवस भरपूर झाले.

खुर्ची: यशस्वी. साधारण पाच सेकंद.

शुक्रवार, १२ एप्रिल

टेबल रद्द. डगमगतं. ताई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. शिडीही रद्द, कारण दुकानात एकच होती आणि नेमकं आज गिऱ्हाईक आलं. धंदा आधी.

काल गुरुवार, म्हणून नुआलाकडे गेलो होतो. दर गुरुवारी जातो, अकरा वर्षं. तिचा नवरा फ्रँक होता तेव्हा पत्ते खेळायला जायचो. आता घरात काही ना काही दुरुस्तीचं निघतं. सध्या मागच्या दाराची बिजागरी चालू आहे, चौथा गुरुवार. घाईचं काम टिकत नाही.

तिथे डेक्लन कीनन बसलेला. डब्लिनचा. येऊन चौदाच वर्षं झाली, नवीनच आहे. नुआलाने चहा विचारला तर पहिल्या फटक्यात 'हो' म्हणाला. केकला पण 'हो'. मी दोनदा 'नको' म्हणून रीतसर तिसऱ्यांदा 'बरं' म्हटलं, तोवर त्याचा दुसरा कप चालू. माझ्या वाट्याला गाळ. पण निदान कुणी नाव ठेवणार नाही.

रविवार, १४ एप्रिल

मनोरा. सातव्या पायरीवर आठवलं की घरी शेगडी चालू राहिली असेल. धावत आलो. बंद होती. बंद असो की चालू, खबरदारी घेतलेली बरी.

ताई आज फार बोलली. म्हणाली, नुआलाला सांगून टाक तुला उंचीची भीती वाटते म्हणून. आणि ते दुसरं आहे तेही सांग. ताकाला जाऊन भांडं किती वर्षं लपवणार आहेस?

दुसरं असं काही नाही. नुआला कॉर्कला गेली तर तिच्या दाराचं काम अर्धवट राहील, एवढंच.

बुधवार, १७ एप्रिल

नुआलाने पिवळं जॅकेट आणि शिट्टी दिली. जॅकेट छान बसतं. तिने स्वतः खांद्यावर नीट केलं.

शिट्टीचा नियम: एक वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दोन वाजल्या की चालायचं.

आणखी एक नियम आहे, तो ती दर सहलीला फाटकापाशी सांगते. फाटकापासून शेवटच्या कुंपणापर्यंत शिष्टाचार बंद. कुणी हात पुढे केला तर काय ते पहिल्यांदाच सांगायचं. 'हो' म्हणजे 'हो', 'नको' म्हणजे 'नको'. कड्यावर तीनतीनदा विचारायला वेळ नसतो. तिचा काका एकदा हाताला 'नको, नको' म्हणत राहिला आणि कंबर मोडून घेतली.

चांगला नियम आहे. पर्यटकांना असं सांगायलाच हवं.

शनिवार, २० एप्रिल

सकाळी ७.१०. तयार. काही खाल्लं नाही. हलकं शरीर तोल सांभाळतं.

९.३०. फाटक. अकरा पर्यटक आणि डेक्लन. हा कशाला आला? नुआला म्हणाली, असू दे हाताशी, वारा आहे. मी असताना हाताशी आणखी कुणी कशाला हवं?

१०.०५. उत्तम चाललंय. गवत, मऊ वाट. कडा डावीकडे चाळीस पावलांवर. मी उजवीकडच्या गाई बघतोय. गाई चांगल्या आहेत.

१०.४०. वाट डावीकडे सरकली. मधे कुंपण असायचं, ते मागच्या हिवाळ्यात समुद्रात गेलं, खांबांसकट. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे गावाला माहीत होतं, पण मला उद्देशून सांगितलं नव्हतं.

११.१५. थांबलोय. समोर 'बोकडाची फळी', म्हणजे कड्याच्या पोटातली चिंचोळी वाट. साठ पावलं लांब, दोन फूट रुंद. उजवीकडे खडक. डावीकडे काही नाही. अक्षर हलतंय ते वाऱ्यामुळे. नुआला म्हणाली, वारा वाढायच्या आत पलीकडे जायचं, मधे कुणी थांबायचं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, ठीक? म्हटलं, झकास. तोंडाला कोरड पडली आहे. पाणी कमी प्यायलो वाटतं.

१.४०. पलीकडे. भिंतीच्या आडोशाला बसलोय. झालं ते लिहून ठेवतो, उगाच लोकांनी वेगळं सांगायला नको.

बाराव्या पावलावर मी वाटेची जवळून तपासणी करायचं ठरवलं. त्यासाठी गुडघे आणि हात टेकावे लागले. शिट्टी तोंडात होती, तयारी म्हणून. आता माणूस म्हटलं की श्वास आला. मी श्वास सोडला की शिट्टी वाजायची. एक शिट्टी. अकरा माणसं फळीवर थांबली, पाठ खडकाला लावून. चूक लक्षात आली, म्हणून घाईने दोन श्वास सोडले. माणसं निघाली. मग पुन्हा एक सुटला. थांबली. वारा वाढत होता आणि मी त्यांना फळीच्या मधोमध थांबवून ठेवत होतो. पुढची बाई रडायला लागली. एकाची टोपी उडाली. ती खाली जाताना मी बघितली. बघायला नको होती. फार वेळ जात होती.

शिट्टी थुंकावी तर दात उघडेनात. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो. मला वाटलं मी आता मरणार, आणि शिट्टी वाजवत मरणार. माझ्यापायी त्या रडणाऱ्या बाईचंही काही झालं तर काय, हाही विचार आला.

नुआलाने डेक्लनला पुढे घालून सगळ्यांना त्याच्या मागे पाठवलं. स्वतः परत आली, एकेकाच्या अंगाला घसटून. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. तोंडातली शिट्टी काढली. तिला काही सांगावं लागलं नाही, तिने बघितलं आणि तिला कळलं.

"हात देऊ?" म्हणाली.

"नको, नको, तू कशाला," मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

"हा 'नको' मी ऐकला नाही, कोलमन. पुढचा ऐकेन."

आणि मनगट धरलं. ती उलटी सरकत होती, मी रांगत होतो. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ म्हणाली. अठ्ठेचाळीस पावलं मी फक्त नुआलाच्या तोंडाकडे बघितलं. अकरा वर्षांत एवढा वेळ एकदाही बघितलं नव्हतं.

भिंतीआड तिने थर्मासमधला चहा दिला. विचारलं नाही, हातातच दिला. लहानपणापासून का, म्हणाली. मी कानाचं सांगितलं. हसली, पण वाईट नाही हसली. मग समुद्राकडे बघत बोलली.

"शिट्टीचं राहू दे. पण मी काही कॉर्कला जायला उत्सुक नाही. दर गुरुवारी बिजागरी खोलण्यापेक्षा तू माझ्याकडेच राहायला का येत नाहीस? लग्न करून, रीतसर."

मला समुद्र ऐकू येईना. तरी मी भान सोडलं नाही.

"नको गं, कशाला उगाच तुला त्रास."

तिने माझ्या हातातला कप घेतला. "बरं," म्हणाली, थर्मासचं झाकण लावलं आणि पुढे माणसं मोजायला गेली.

झालं. पहिलं विचारणं झालं. दोन राहिली. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस आहे.

रविवार, २१ एप्रिल

चर्चबाहेर नुआला दिसली. हवेबद्दल बोलली. बरोबर आहे, दुसरं विचारणं लोकांसमोर कसं करणार.

ताईला सगळं सांगितलं. ती सोडा ब्रेड कापत होती. सुरी खाली ठेवली आणि एकच विचारलं, तेव्हा शेवटचं कुंपण ओलांडलं होतं का? म्हटलं, नाही, वीसेक पावलं राहिली होती. ताईने पुन्हा सुरी उचलली. दुपारभर बोलली नाही. तिची तब्येत बरी नसावी.

गुरुवार, २५ एप्रिल

नुआलाकडे गेलो. नवा शर्ट. तिला सोपं जावं म्हणून म्हटलं, काय गं, काही विचारायचं राहिलंय का? म्हणाली, हो, दाराचं कधी होणार?

लाजते आहे.

डेक्लन पिवळं जॅकेट घालून आत आला. त्याला आखूड होतं. आता मागचा माणूस तो. माझी हरकत नाही. हुद्दा गेला तरी माणूस मोठं मन ठेवू शकतो.

गुरुवार, २ मे

बिजागरी बसवलेली होती. मी बसवली नव्हती. दार मुळीच कुरकुरत नाही. इतक्या घाईने बसवलेली टिकायची नाही.

गुरुवार, ३० मे

तिने चहा विचारला. तीनदा, रीतसर. दुसरं काही विचारलं नाही. मी दोन तास बसलो. डेक्लन शेगडीत लाकडं घालत होता, जणू शेगडी त्याचीच.

ताई म्हणते, तूच का विचारत नाहीस? तिला कसं समजावू? दोन विचारणी तिच्याकडे बाकी असताना मी मधेच विचारलं तर तिचा अपमान होईल.

शुक्रवार, २ ऑगस्ट

धीर धरायचा. फ्रँकलाही तिने दोन वर्षं वाट बघायला लावली होती.

रविवार, १५ सप्टेंबर

सकाळी चर्चमध्ये फादरनी लग्न ठरलेल्यांची नावं वाचली. नुआला मॅरिनन आणि डेक्लन कीनन, पुढच्या महिन्यात. ताईने माझ्या कोटाची बाही धरून ठेवली होती. का धरली होती कोण जाणे, मी काही उठून जाणार नव्हतो.

बाहेर नुआला स्वतःहून माझ्याकडे आली. मी म्हटलं, तू एकदाच विचारलंस.

"दोनदा, कोलमन. एकदा हात, एकदा लग्न. फळीवरचा 'नको' मी ऐकला नाही, तुला सांगितलं होतं. दुसरा ऐकला. तुझ्या तोंडून 'हो' निघतंय का म्हणून पार शेवटच्या कुंपणापर्यंत हळू चालले मी."

मी म्हटलं, अगं पण रीत असते.

"चहाला असते," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "डेक्लनला एकदाच विचारलं. मेला 'हो' म्हणाला."

 ती जायला वळली, पुन्हा थांबली आणि म्हणाली, "येतोस का, चहाला?"

माणूस शिकतो. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मी पहिल्याच फटक्यात म्हटलं, "हो."

नुआलाने मागे वळून बघितलं. मागे डेक्लनची गाडी चालू होती, मागच्या सीटवर बॅगा होत्या. त्यांना त्याच्या आईकडे डब्लिनला जायचं होतं. तिने आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं.

घरी आलो. ताईने विचारलं नाही. कप पुढे ठेवला, काठोकाठ भरून.