सुवर्णाताईच्या दरजा

४ डिसेंबर
आज बुलडाण्याला पोहोचले. टेकडीवरचा जुना दगडी बंगला, समोर सागाची झाडं आणि राहायला स्वतंत्र खोली! हॉलमधल्या दगडी शेकोटीचा चुना भुगा होऊन गळतो आहे. दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, मी एकटीने भरायच्या. बाबांकडून शिकल्यापासून माझं हे पहिलं स्वतंत्र काम. फाटकावरच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा नोंदवला. 'समता दयाराम'. दोनदा वाचलं.

५ डिसेंबर
शेकोटीची डावी बाजू ताईची. दोन वर्षांपूर्वी सुवर्णाताई तेवढीच भरून घरी आली आणि तापाने गेली. तिच्या दरजा अजून नखाला दाद देत नाहीत. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे शेवटच्या दरजेवर अंगठा दाबलेला. ठशात मधोमध, लहानपणी विळा लागल्याची आडवी खूण. चौकीदार पुंजाजी म्हणाले, तुमच्या बहिणीच्या हाताले तोड नव्हती, बाई. मी हसले. दात दुखेपर्यंत.

८ डिसेंबर
चुना, रेती, विटांची भुकटी, सगळं मापात घेतलं. ओलं गोणपाट बांधलं. तरी सकाळी माझ्या दरजा खाली भुगा होऊन पडलेल्या. बाबांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "सुवर्णाच्या शाबूत हायेत न?" मी जेवले का, ते नाही विचारलं.

९ डिसेंबर
लाज वाटते, पण इथे खोटं लिहिणार नाही. धड दरज उकरायची नाही, हा बाबांचा पहिला नियम. आज ताईची ठशाची दरज मी छिन्नीने उकरली. तो चुरा माझ्या चुन्यात मळून सगळीकडे भरला. तिच्या ठशाच्या जागी माझा अंगठा दाबला. बरं वाटलं.

११ डिसेंबर
एकही दरज गळली नाही. बाबांना फोटो पाठवला. ते रडले. म्हणाले, हा सुवर्णाचाच हात. माझं काम आहे ते — माझं!
पण माझ्या ठशात आडवी खूण आहे. मला कधी विळा लागला नाही.

१२ डिसेंबर
चुन्याने अंगठ्याच्या रेषा झिजतात, ठाऊक आहे. पण त्याने नवी खूण उमटत नाही. माझ्या अंगठ्यावर आडवी — दाबली की ठणकते.

१३ डिसेंबर
अंगठा लावला. मशीनवर 'सुवर्णा दयाराम'. हात धुऊन पुन्हा — तेच. पुंजाजी म्हणाले, लय दिवसांनी आलात, ताई. मी म्हटलं, मी समता. त्यांनी विचारलं, कोण समता?
बाबांना फोन — माझा आवाज ऐकताच — "सुवर्णा, जेवली का व माय?"
इतक्या मायेने मला कधी —
मी म्हटलं, हाव बाबा. जेवली.
इथे खोटं लिहिणार नाही म्हटलं होतं. माझं नाव सु—