वडिलांच्या नावाचा वळू

परभणी
१० मे १९८९

ती. दादा,

पाया पडतो. वहिनींच्या गुडघ्याचं औषध उद्याच्या एसटीनं पाठवतो.

काल बैठकीत संचालकांनी स्वतः वाचून दाखवलं, म्हणजे बातमी पक्की आहे. दिल्लीला आता शुद्ध लाल कंधारी वळू हवेत. जात संपत चालली आहे, विद्यापीठांच्या संशोधकांनी ती वाचवावी, असं पत्र आलंय. देशाचं गोधन सुधारायचं म्हणून दहा वर्षं आम्हीच विदेशी वळूंचं वीर्य घेऊन गावोगाव फिरलो. आता उलटी यादी करायची. आपल्या पेडगावच्या यादीत एकच जनावर आहे, तुमचा खोंड.

वहिनींकडून कळलं, त्या खोंडासाठी गाय तुम्ही दोन दिवस चालवत बोरीच्या वळूकडे नेली होती. मला कळवलं नाहीत. बरोबर केलंत.

दूध वाढलं, हे खोटं नाही. बायनाबाईंची संकरित गाय दिवसाला बारा लिटर देते. पण तिचे गोऱ्हे? वशिंड नाही, त्यामुळे जू मागं सरकतं, आणि चैत्रातच धापा टाकत नांगराच्या तासात बसतात. परवाच्या शेतकरी मेळाव्यात लिंबाजीनं गोऱ्ह्याकडे बोट करून भर मांडवात विचारलं, "सायेब, ह्याचं वशिंड तुमच्या हापिसात राह्यलं काय?" सगळे हसले. मीही हसलो.

आता लिहायचं ते लिहितो.

आपल्या वडिलांच्या नावानं सोडलेल्या वळूला मी चिमटा लावून खच्ची केलं, तेव्हा सरकारी आदेश होता असं तुम्हाला सांगितलं. आदेश नव्हता. फक्त संमती लागत होती. देवाला सोडलेल्या जनावराला मालक नसतो, म्हणून मुलगा या नात्यानं मीच सही केली. एकही देशी वळू नसलेलं गाव मला माझ्या प्रबंधासाठी हवं होतं. आपल्या सत्यशीलेच्या सोयरिकीसाठी तुम्ही पाथरीला जाणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो दिवस धरला.

परत आल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "बाप तुझा बी व्हता ना?" त्यावर मी तुम्हाला दुधाचे आकडे सांगितले.

आधी तो वळू कुणाच्याही ज्वारीत शिरला तरी लोक हात जोडायचे. नंतर काठ्या घालू लागले. कुठं मेला, तुम्ही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला जीप येईल. संचालक असतील, मीही असेन. खोंड विद्यापीठाच्या केंद्रात आणायचा, असं ठरलंय. फोटो निघेल, अहवालात माझं नाव लागेल. द्यायलाच हवा अशी सक्ती कुठंही नाही. हे या खेपेला खरं सांगतो.

तुम्ही बहुतेक दारातूनच नाही म्हणाल. मी कागदावर 'मालकाचा नकार' लिहीन, आणि खाली सही तुमचीच घेईन.

अजून मानत असाल तर, तुमचा धाकटा,
रंगनाथ